झाकणावरचा लाल कलावा

"ताई, चपला उतरवा आणि गाडीत बसा."

हे दामूगुरुजींचं मला उद्देशून पहिलं वाक्य. मी जागच्या जागी थिजले. सकाळची साडेदहाची वेळ, काशीतल्या लहुराबीरचा भर रस्ता, आणि कपाळाला भस्माचे तीन पट्टे, हातांना कोपरापर्यंत काळं वंगण, खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, असा एक पंचावन्न-साठीचा गृहस्थ मला बँकेत जायच्या साडीवर चपला काढायला सांगत होता. तेही मराठीत.

"मी कशाला उतरवू चपला? गाडी दुरुस्त करायला आणली आहे मी, देवळात नाही आले."

"पॅडल कोण दाबतं? तुम्हीच ना? मग तुमच्या पायाला कळायला पाहिजे. चपलेला कळून काय फायदा?"

मी कोल्हापूरची. उलट उत्तर तोंडात तयारच असतं. पण त्या दिवशी ते ओठाशीच अडलं. मुकाट चपला काढल्या आणि बसले.

बँकेनं मला काशीला टाकलं त्याला तेव्हा चार महिने झाले होते. आई माझ्याबरोबर. सिगऱ्याला भाड्याची जागा घेतली होती आणि एक जुनी छोटी गाडी विकत घेतली होती. एका मेकॅनिकनं तिचे ब्रेक पॅड बदलून दिले आणि त्या दिवसापासून ब्रेकचं पॅडल असं काही मऊ झालं की भिजलेल्या उशीवर पाय ठेवावा. गाडी थांबायची, पण तिची मर्जी असेल तेव्हा. त्या मेकॅनिकला विचारलं तर म्हणाला, नवे पॅड आहेत, बसतील हळूहळू. शेवटी शाखेतला शिपाई म्हणाला, "मैडम, ब्रेक का काम है तो गुरुजी के पास जाइए. आपही के तरफ के हैं."

'आपल्या तरफचे' म्हणजे दूधविनायकातले. तिथल्या गल्ल्यांमधून मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. गुरुजींचं घराणं वैदिकांचं. वडील, आजोबा सगळे संहिता म्हणणारे. हे एकटेच गाड्यांकडे वळले, म्हणून लोक त्यांना थट्टेनं गुरुजी म्हणायला लागले, आणि मग थट्टा गळून नाव राहिलं. त्यांची मराठी आमच्यासारखी नव्हे. आजोबांच्या पत्रातल्यासारखी एखादी ओळ, आणि लगेच तिच्या शेपटीला हिंदी. "आपण स्वस्थ बसावं, टेन्शन घेऊ नये, पैडल ठीक होऊन जाईल," असं ते एका दमात म्हणायचे.

तर मी बसले. त्यांनी आधी मला पॅडल दाबायला लावलं, मग उतरवून स्वतः अनवाणी पायानं तीनदा दाबलं, डोळे मिटून. मग एकदा दाबून तसंच धरून ठेवलं. आजूबाजूला हॉर्न, रिक्षा, एका सांडावर ओरडणारा भाजीवाला, आणि हे डोळे मिटून बसलेले.

"हवा आहे," डोळे उघडून म्हणाले. "दोनतीनदा दाबलं की वर येतं, टणक होतं, म्हणजे नळीत हवा आहे. तेल दबत नाही, हवा दबते. दुसरं, धरून ठेवल्यावर हळूहळू खाली बसलं असतं तर गळती. ते नाही."

बोलताना त्यांनी तीन बोटं काढली होती. दोन मोजली.

"आणि तिसरं?"

त्यांनी तिसरं बोट मिटलं. "ते तुमच्या गाडीत नाही."

मग विचारलं, "गाडीत कोण बसतं?"

हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारायचे, हे मला नंतर कळलं. गाडी कुठली, किती चालली, हे नाही. कोण बसतं. मी म्हटलं, मी आणि आई. त्यांनी मान हलवली आणि कामाला लागले.

ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं पॅडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकामागचा छोटा नट क्षणभर उघडून हवेचे बुडबुडे बाहेर सोडायचे. गुरुजींकडे मदतनीस नव्हता. ठेवलाच नव्हता. गाडी ज्याची, पाय त्याचाच. "दाबा… दाबा… दाबा… धरा!" असं गाडीखालून ओरडायचे. मग नट उघडायचा, पॅडल पायाखालून सर्रकन खाली जायचं, आणि नट परत आवळेपर्यंत काही झालं तरी पाय उचलायचा नाही. पहिल्याच खेपेला पॅडल खाली गेलं तशी मी दचकून पाय उचलला. झालं! बाहेर गेलेली हवा परत आत.

"सोडलं कशाला?" गाडीखालून गर्जना. "मी सोडा म्हटलं का? म्हटलं का मी?"

माझ्या बापानंही मला असं कधी झापलं नव्हतं. पण दुसऱ्यांदा मी पाय असा रोवला की मांडीला गोळे आले. मागचं डावं चाक आधी, कारण ते सगळ्यांत लांब. "आधी लांबचं चाक," ते म्हणाले, "जवळचं काय, कधीही होतं." अर्ध्या तासात पॅडल असं घट्ट झालं की मला हसूच आलं. मी विचारलं, झालं का? तर म्हणाले, "मी कशाला सांगू? तुम्ही दाबा आणि तुम्ही सांगा."

निघताना त्यांनी बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण लावलं आणि त्यावरून लाल कलावा, पूजेत मनगटाला बांधतात तो दोरा, सात वेढे देऊन करकचून बांधला. वर गाठीवर गाठ. मला हसू आवरेना. म्हटलं, शेवटी भटजी तो भटजीच! "गुरुजी, दोऱ्यानं ब्रेक लागतात होय?"

"दोरा नाही सोडायचा," एवढंच बोलले. पण बोलताना असे बघत होते की माझं हसू विरलं.

त्यानंतर चार वर्षं आमचं जाणंयेणं राहिलं. आईची त्यांच्यावर विशेष मर्जी. कारण पहिल्याच भेटीत तिनं त्यांना थालीपीठ दिलं, तर त्यांनी ते झाकून ठेवलं आणि सांगितलं, "मावशी, ब्रेकचं काम मी उपाशी करतो. पोट भरलं की हात 'चालेल' म्हणायला लागतो." दुपारी काम संपवून, घाटावर आंघोळ करून, मग ते थालीपीठ गार गार खाल्लं. आई म्हणाली, असा माणूस आता औषधाला मिळायचा नाही.

त्यांचा तऱ्हेवाईकपणा सांगावा तेवढा थोडा. एकदा मी तिथे असताना एक मोठी काळी गाडी येऊन उभी राहिली. आतला माणूस काचही पुरती खाली न करता म्हणाला, "गुरुजी, पहिले हमार गाड़ी देख ल." गुरुजींनी तोच प्रश्न विचारला, गाडीत कोण बसतं? तो म्हणाला, मी, बायको, पोरं. आणि चालवतं कोण? ड्रायव्हर. "तर मग ड्रायव्हरला पाठवून द्या," म्हणून गुरुजी पाठ फिरवून बसले. माणूस तापला, काय वाटेल ते बोलला, ओळखी काढल्या. गुरुजी स्पॅनर पुसत राहिले. शेवटी ड्रायव्हर उतरला, बिचाऱ्यानं बूट काढले, मालक उन्हात उभा, आणि गुरुजी गाडीखालून ओरडतायत, "धरो! अरे धरे रहो!" मी पोट धरधरून हसले. पण काम झाल्यावर त्यांनी त्या मालकाला बॉनेटपाशी बोलावलं, डबी दाखवली आणि फार हळू आवाजात म्हणाले, "इसी डिबिया पर सबकी जान है." तो मोठा माणूस वाकून डबीकडे बघत राहिला.

हे वाक्य त्यांचं ठरलेलं. प्रत्येकाला ऐकवायचे. आमच्या आईलाही मराठीत ऐकवलं होतं, "मावशी, ह्या डबीवर सगळ्यांचा जीव आहे." आईनं डबीला हात जोडले होते. आम्ही दोघी घरी येऊन त्यावर हसलोही होतो.

एक गोष्ट मात्र मला अजिबात कळली नव्हती. हा माणूस कुठल्याही गाडीत बसायचा नाही. पॅडल दाबायला बसायचा, तेही गाडी उभी असताना, एक पाय बाहेर ठेवून. दुरुस्त झालेली गाडी चालवून बघायला मालकालाच पाठवायचा आणि स्वतः रस्त्याच्या कडेला उभा राहून ऐकायचा. एकदा भर उन्हाळ्यात, मी दशाश्वमेधकडे निघाले होते, हे डोक्यावर ओला पंचा टाकून चाललेले. मी काच खाली करून म्हटलं, बसा, गोदौलियापर्यंत सोडते. नाही म्हणाले. मी म्हटलं, अहो, तुमच्याच हातचे ब्रेक आहेत, त्यांच्यावरही भरवसा नाही होय? मी थट्टेनंच म्हटलं. पण त्यांचा चेहरा असा झाला की कुणी मुस्कटात मारावी. ते तसेच पुढे चालू लागले. मला माझीच लाज वाटली, आणि कशाची वाटली तेही कळेना.

मग ते मारकुंडीचं झालं.

सोनभद्रकडे जाताना रॉबर्ट्सगंजच्या पुढे रस्ता एकदम डोंगर उतरतो. काशीत घाट म्हटलं की नदीचा, म्हणून डोंगरातल्या घाटाला तिकडे घाटी म्हणतात. मारकुंडीची घाटी. शाखेतल्या एकीच्या घरी चोपनला वास्तुशांत होती, म्हणून मार्गशीर्षात मी आणि आई निघालो. घाटी उतरताना पुढे ट्रकांची रांग, त्यामुळे सारखा ब्रेकवर पाय. अर्धी घाटी उतरलो असू. एका वळणावर मी ब्रेक दाबला आणि पॅडल खाली गेलं. खालीच गेलं, थेट जमिनीला टेकलं. पायाखाली काहीच नाही! समोर ट्रकचं मागचं फळकूट, त्यावर लिहिलेलं अक्षर न् अक्षर मला दिसत होतं. मी गिअर दुसऱ्यात टाकला, मग पहिल्यात, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. आईचं डोकं खिडकीवर आपटलं. गाडी थांबली.

आई म्हणाली, "वृंदे, थांबलीस का?" तिला काही कळलंच नव्हतं. माझे दात वाजत होते.

खरी कमाल पुढे. अर्ध्या तासानं मी पॅडल दाबून पाहिलं, तर दगडासारखं घट्ट! लोकांनी गाडी गटारातून काढून दिली. तिथूनच वळवली, चढाला ब्रेक लागत नाही, आणि पुढे सपाट रस्ता. जीव मुठीत धरून काशी गाठली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींपुढे गाडी उभी केली आणि तोंडाचा पट्टा सोडला. जूनमध्ये तुम्हीच तेल बदललंत, तुम्हीच पॅड बघितलेत, आणि काल मी आणि आई मेलो असतो! त्यांनी अनवाणी बसून पॅडल दाबलं. घट्ट. धरून ठेवलं. खाली बसेना.

"थंड असताना ठीक," ते पुटपुटले, "तापल्यावर मऊ."

"हेच ना तुमचं तिसरं?"

त्यांनी बॉनेट उघडलं. डबीवरच्या कलाव्याकडे बघत राहिले. मीही बघितलं तेव्हा लक्षात आलं, दोरा त्यांचा नव्हता. नवाकोरा, भडक लाल, आणि गाठ एकच, सुरगाठ. त्यांनी सुईच्या पिचकारीनं डबीतलं थोडं तेल काढलं, एका स्टीलच्या चमच्यात घेतलं, आणि चमचा स्टोव्हच्या ज्योतीवर धरला. नुसतं तेल इतक्यात उकळत नाही. चमच्यात बुडबुडे आले आणि ते तडतडायला लागलं.

"पाणी," ते म्हणाले. चमचा हातातून पडला. साठीला आलेला तो माणूस चाकाला टेकून जमिनीवरच बसला, आणि त्याच्या तोंडावरचं रक्त माझ्यादेखत उतरलं. मला वाटलं, ह्यांना झटकाच आला. मी पाणी पुढे केलं तर त्यांनी हात असा झटकला की भांडं रस्त्यावर गेलं.

"दसऱ्याला गाडीची पूजा कोणी केली?"

मी आईला फोन लावला, स्पीकरवर ठेवला. आई नेहमीच्या उत्साहात. "अगं हो, तो दोरा किती कळकट झाला होता! सणाला तसा ठेवायचा का? मी सोडला आणि नवा बांधला. आणि झाकण उघडलंच होतं तर आत पळीभर गंगेचं तीर्थ घातलं. गुरुजीच म्हणाले होते ना, ह्या डबीवर सगळ्यांचा जीव आहे म्हणून."

मी गार पडले. आमच्या आईनं! ज्या हातानं दृष्ट काढते त्या हातानं! मी काही बोलणार, तेवढ्यात गुरुजींनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला आणि अगदी शांत, गोड आवाजात म्हणाले, "मावशी, तीर्थानं काही नाही झालं. तेल जुनं होतं. माझीच चूक. मीच बदललं नाही." आणि फोन बंद केला.

माझा संताप संताप झाला. "खोटं का बोललात? जूनमध्ये माझ्यासमोर बदललंत! ती पुढच्या दसऱ्याला परत घालेल, तेव्हा कोण मरायचं ते पण सांगून टाका!"

तेव्हा त्यांनी सांगितलं. तिथेच, चाकाला टेकून, रस्त्याकडे बघत. मी जसं ऐकलं तसंच सांगते, कारण त्यात माझं काही घालायची माझी छाती नाही.

बावीस-तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. गुरुजींनी पहिली स्वतःची गाडी घेतली होती, जुनीच. वडिलांना, म्हणजे अण्णांना, कौतुक. मुलगा मेकॅनिक झाला ह्याचं दुःख ते गाडी पाहून विसरले. मुलानं बॉनेट उघडून सगळं दाखवलं आणि डबीवर बोट ठेवून म्हणाला, "अण्णा, ह्या डबीवर सगळ्यांचा जीव आहे." महिन्याभरानं मुलगा आईला घेऊन सोनभद्रला निघाला. तीच मारकुंडी. पॅडल खाली गेलं. ह्यांचा हात मोडला. आई गेली.

"दवाखान्यात अण्णा माझ्या खाटेशी आले," गुरुजी म्हणाले. "रडत होते. म्हणाले, 'दामू, असं कसं झालं रे? मी तर त्या डबीत तीर्थ घातलं होतं.'"

मी तोंडावर हात घेतला.

"मला तिथेच कळलं. एका क्षणात. आणि मी म्हणालो, 'तीर्थानं काय होणार, अण्णा. नळीत हवा राहिली होती. मीच ठेवली. माझा आळस.' मला वाटलं, त्यांना हे कळलं तर ते त्याच दिवशी गंगेत उडी घेतील. मग मीच झालो दोषी. झालो तर झालो."

"आणि ते?"

"नऊ वर्षं जगले. एका घरात राहिलो. माझ्या हातचं पाणी नाही घेतलं. 'दुनियेचे ब्रेक ठीक करतोस आणि स्वतःच्या आईला मारलंस,' एवढं एकदा बोलले, मग तेही नाही. शेवटच्या दिवशी मी गंगाजलाची पळी तोंडाशी नेली. दात मिटून घेतले त्यांनी. शेजाऱ्याकडून घेतलं."

काशीत! जिथे शेवटचा घोट मुलाच्या हातचा मिळावा म्हणून लोक आयुष्यभर देवाला आळवतात! माझ्याच्यानं तिथे उभं राहवेना.

"म्हणून तो दोरा?" मी विचारलं.

"बांधलेलं लोक उघडत नाहीत. देवाचं मानतात. वीस वर्षं कोणी नाही उघडलं." ते स्वतःच्या हातांकडे बघत होते. "पण मी ते वाक्य बोलत राहिलो ना. अण्णांना बोललो तेच मावशींना बोललो. अक्कल नाही आली मला."

त्या दिवशी त्यांनी जुनं तेल चारी चाकांतून पुरतं वाहू दिलं, नवं भरलं. मी दाबलं, मी धरलं. आधी लांबचं चाक. कोणी ओरडलं नाही. काम संपल्यावर मी विचारलं, आईचं काय करायचं? ते म्हणाले, "सांगायला तर पाहिजे. पण जमेल असं वाटत नाही."

संध्याकाळी मात्र आले. आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसले. आई भाजी निवडत होती. त्यांनी एकदम, गाडीखालून ओरडतात तसं सांगून टाकलं, "मावशी, सकाळी मी खोटं बोललो. तुमच्या तीर्थानं ब्रेक गेला. तेलात पाणी गेलं की तापल्यावर त्याची वाफ होते, आणि वाफ दबते. पुन्हा घालू नका."

आईच्या हातातली जुडी तशीच राहिली. "मी?" म्हणाली. "मी घातलं. पळीभर." मग माझ्याकडे बघितलं, माझ्या डोक्यापासून पायापर्यंत, मी शाबूत आहे की नाही ते बघावं तसं.  मला ते बघवेना आणि मी भडकून म्हणाले, "निदान तुला सांगितलं तरी! स्वतःच्या वडिलांना नाही सांगितलं ह्यांनी!" आणि सगळं बोलून मोकळी झाले. बोलायला नको होतं. माझं तोंड असंच आहे.

आईनं हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "दामोदरराव, रागावू नका. हिनं हे माझ्यापासून लपवलं असतं, आणि मी उरलेलं आयुष्य हिलाच दोष देत काढलं असतं, तर मेल्यावरसुद्धा मी हिला क्षमा केली नसती. तुमच्या अण्णांची बायको गेली. आणि तुम्ही त्यांचा मुलगाही काढून घेतलात."

 मी गुरुजींना इतकं हादरलेलं चमचा तडतडला तेव्हाही पाहिलं नव्हतं. मला वाटलं, ते उठून जातील. ते उठले नाहीत. बोटानं पाटावर रेघा ओढत राहिले.

"तिथी कधी असते अण्णांची?" आईनं विचारलं.

"येत्या एकादशीला. तर्पण करतो दरसाल." थांबून म्हणाले, "पण ते घेत असतील असं वाटत नाही. जिवंतपणी नाही घेतलं माझ्या हातचं. आता कशाला घेतील?"

"सांगितल्याशिवाय कसे घेतील?" आई म्हणाली, आणि परत मेथी निवडायला लागली.

एकादशीच्या सकाळी आम्ही दोघी गाडी घेऊन गॅरेजवर गेलो. मी काही न बोलता मागचं दार उघडलं. ते उभे राहिले, मग चपला हातात घेऊन आत बसले. दोन्ही पाय आत. मी हळू चालवत होते. आरशात दिसत होतं, मी ब्रेक दाबला की मागे त्यांचा अनवाणी उजवा पाय पायपुसण्यावर दाबला जायचा. गोदौलियाला गाडी लावली, पुढे गल्ल्यांमधून पायी. अमृतराव घाटावर आलो तेव्हा कोवळं ऊन पडलं होतं. दोनचार मराठी म्हातारे स्नान करत होते. गुरुजी पंचा नेसून गुडघाभर पाण्यात उतरले, आम्ही वरच्या पायरीवर थांबलो.

मंत्र म्हणून झाले. मग ते थांबले, आणि गॅरेजमधल्या त्याच आवाजात, साऱ्या घाटाला ऐकू जाईल असे बोलले, "अण्णा, हवा नव्हती. पाणी होतं. तुम्ही घातलेलं. मी खोटं बोललो." स्नान करणारे म्हातारे वळून बघायला लागले. गुरुजींना त्याचं भान नव्हतं. त्यांनी वाकून ओंजळ भरली, वर आणली, आणि तशीच धरून ठेवली.  पाणी बोटांमधून निसटत होतं, तरी ओंजळ सुटेना. आई मला ढोसायला लागली, अगं बघ, ह्यांना काय होतंय. मी दोन पायऱ्या उतरले.

पुढच्या आठवड्यात माझी बदली झाली, आणि त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही. त्यामुळे डोळ्यांपुढे आहेत ते तसेच, पाण्यात पाठमोरे, ओंजळ धरून. कसं आलं माझ्या तोंडी कोण जाणे, पण त्या सकाळी मी त्यांच्याच आवाजात ओरडले, "गुरुजी, सोडा!"

त्यांनी सोडली.